दोष अजिनोमोटोचा की शिळ्या भाताचा?

रविवारची संध्याकाळ. दाराशी लाल कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन, टेबलावर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्या. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत कोणत्याही चायनीज हॉटेलात हे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. वाढदिवस असो, परीक्षेचा निकाल असो वा नुसता स्वयंपाकाचा कंटाळा, 'आज चायनीज' हा ठराव घरात एकमताने संमत होतो. दुसऱ्या दिवशी मात्र तक्रारी सुरू होतात. 'चव बरी होती, पण अस्सल नव्हते', 'फार वेळ लावला', 'अजिनोमोटो बाधला', 'बिलात भलतीच रक्कम लावली'. या चारही तक्रारी खऱ्या असू शकतात. परंतु त्यांचे कारण आपण जिथे शोधतो, तिथे ते बहुधा नसते. कारण चुकले की तक्रार चुकते आणि ज्याला जाब विचारायला हवा तो अलगद निसटतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी असा प्रसंग घडला. उपनगरातल्या एका हॉटेलातून आणलेला फ्राईड राईस खाऊन भाच्याला दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या. घरातल्या सर्वांनी एकमुखाने निकाल दिला : अजिनोमोटो! डॉक्टरांनी मात्र दोनच प्रश्न विचारले. खाल्ल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला? आणि भात कधी शिजवलेला होता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते. दुसरा प्रश्न विचारायचा असतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

अस्सल कशाला म्हणावे?

चिनी माणूस आणि भारतीय स्वयंपाकघर यांची गाठ पडली ती कोलकात्यात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग अच्यू या चिनी व्यापाऱ्याने हुगळीच्या काठी वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. त्याच्याच नावावरून ते ठिकाण अचिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कोलकात्यातील टिरेटा बाजार आणि टांगरा येथे चिनी वस्ती वाढली. त्यातील हक्का समाजाचे नाव आज आपल्या 'हक्का नूडल्स'मध्ये उरले आहे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यानंतर अनेकांनी देश सोडला. जे राहिले, त्यांनी आपली पाककला भारतीय जिभेशी जुळवून घेतली.

मुंबईत १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झाले आणि सिचुआन प्रांताची तिखट चव इथल्या श्रीमंत ग्राहकाला कळली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकनचे तुकडे तळून आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत टाकले. नेहमीच्या गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. हेच ते चिकन मंच्युरिअन. मांचुरिया प्रांताशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. वाँग यांनी पुढे १९८३ मध्ये 'चायना गार्डन' काढले.

'शेजवान'चीही कथा अशीच आहे. मूळ सिचुआन स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी एक विशिष्ट मिरी. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ हे तिचेच भाऊबंद. आपल्या शेजवान चटणीत मात्र ती मिरी सहसा नसते. असते ती सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण. तेव्हा हा पदार्थ चीनमध्ये मिळत नाही, ही तक्रार निरर्थक ठरते. तो इथलाच आहे. तो ताजा आहे का, नीट शिजला आहे का आणि सांगितल्याप्रमाणे आहे का, एवढेच ग्राहकाने पाहावे.

आच, कढई आणि प्रतीक्षा

एकाच हॉटेलाविषयी दोन ग्राहकांचे अनुभव टोकाचे का असतात, याचे उत्तर बऱ्याचदा कढईत सापडते. चायनीज स्वयंपाकात खोलगट पातळ कढई अतिशय प्रखर आचेवर तापवतात. भाज्यांतील पाणी क्षणात उडून जाते, कडा किंचित करपतात, फरसबी आणि गाजर यांचा करकरीतपणा टिकतो आणि धुराचा हलका गंध पदार्थात उतरतो. घरच्या गॅसवर ही आच मिळत नाही. म्हणूनच तोच सॉस वापरूनही घरचे नूडल्स 'हॉटेलसारखे' होत नाहीत.

गर्दी वाढली की आचारी दोन प्लेटऐवजी सहा प्लेटचा ऐवज एकदम कढईत टाकतो. कढई थंडावते, भाज्या पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी उकडल्या जातात. आठ वाजता तृप्त होऊन गेलेला आणि दहा वाजता लिबलिबीत नूडल्स खाल्लेला, असे दोघेही ग्राहक खरेच बोलत असतात. पार्सलचेही तसेच. बंद डब्यातील वाफेने तळलेले मंच्युरिअन वाटेतच मऊ पडते. तो दोष आचाऱ्याचा नव्हे. रस्सा वेगळा मागितला की निम्मी तक्रार मिटते.

प्रत्येक पदार्थ स्वतंत्रपणे परतायचा असल्याने ताटे एकाच वेळी येत नाहीत. एकाचे सूप संपते तेव्हा दुसऱ्याचा राईस निवू लागलेला असतो. ऑर्डर देतानाच काय आधी आणि काय नंतर आणायचे हे वेटरला सांगितले, तर पुढची चिडचिड टळते.

अजिनोमोटोवरचा खटला

जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी त्याचे मीठ 'अजिनोमोटो' या नावाने बाजारात आले. टोमॅटो, चीज, इतकेच काय, आईच्या दुधातही ग्लुटामेट असते. त्याच्यावर संशय आला तो १९६८ मध्ये. डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला पत्र लिहून चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होणे, धडधड होणे असा अनुभव कळवला. त्यांनी सोया सॉस, वाइन, मीठ अशी इतरही कारणे सुचवली होती. लोकांच्या लक्षात राहिले ते एकच, आणि 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' हे नाव एका अख्ख्या समाजाच्या स्वयंपाकाला चिकटले. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने त्या नोंदीत सुधारणा केली ती थेट २०२० मध्ये.

पुढे झालेल्या चाचण्यांत, आपल्याला हा पदार्थ बाधतो असे म्हणणाऱ्यांनाच तो नकळत दिला असता तोच त्रास सातत्याने आढळला नाही. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्याला सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काहींना तात्पुरता सौम्य त्रास होऊ शकतो, एवढे ते मान्य करते. एरवी एका वेळच्या खाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असते. ज्याला खरोखरच त्रास जाणवतो, त्याने 'अजिनोमोटो नको' असे जरूर सांगावे.

रात्रभर लागणाऱ्या तहानेचे कारण मात्र बहुधा वेगळेच असते. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅम मिठाइतकी, सांगितली आहे. सूप, राईस आणि ग्रेव्ही मिळून ती एका बैठकीत सहज ओलांडली जाते. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर अजिनोमोटोइतकीच चौकशी सोया सॉसची करायला हवी.

खरे आरोपी : भात, तेल आणि रंग

फ्राईड राईसचे शीत सुटे राहावे म्हणून भात आधी शिजवून गार करतात. इथेच धोका दडलेला आहे. तांदळात 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास उघड्यावर, खोलीच्या तापमानात राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे पुन्हा कितीही प्रखर आचेवर परतले तरी भात निर्दोष होत नाही. उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात. आमच्या डॉक्टरांच्या दोन प्रश्नांचा अर्थ हा होता. भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवला, तर हा धोका पुष्कळच टळतो. दुपारचा भात मोठ्या पातेल्यात भट्टीशेजारीच दिसला, तर त्या दिवशी नूडल्स मागवावेत.

दुसरा आरोपी तेल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरता येत नाही. ग्राहकाला मोजमाप करता येणार नाही, पण काळे, फेसाळणारे, खवट वासाचे तेल ओळखता येते.

तिसरा आरोपी डोळ्यांना सुखावणारा लालभडक रंग. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गाड्यांवरील गोबी मंच्युरिअनवर २०२४ मध्ये बंदी घातली. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहातील जत्रेतही या गाड्यांवर निर्बंध आले होते. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरिअनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास मनाई केली. तेथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित आढळले होते. बोटांना आणि ताटाला लागून धुतल्यावरही न जाणारा रंग मिरचीचा नसतो.

शाकाहारी ग्राहकाने आणखी एक चौकशी करावी. सूपसाठी चिकनचे पाणी किंवा परतताना ऑयस्टर सॉस वापरतात का, आणि शाकाहारी पदार्थांसाठी कढई वेगळी असते का? 'व्हेज' या एका शब्दात ही हमी गृहीत धरू नये.

बिल आणि ग्राहकाचा हक्क

जेवणानंतरचा सर्वांत कडवट घास असतो बिलाचा. 'सर्व्हिस चार्ज' हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे उचलून धरली. त्या निकालाविरुद्ध संघटनांनी अपील केले आहे. बहुतांश हॉटेलांत जीएसटी ५ टक्के असतो. 'कंपोझिशन' योजनेतील हॉटेलाला तर तो ग्राहकाकडून वेगळा घेताच येत नाही.

बिलावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक छापणे १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे आहे. तो क्रमांक हाच तक्रारीचा धागा, म्हणून छापील बिल मागावेच. पदार्थात खोट आढळली तर अर्धी प्लेट संपवण्याआधी तिथल्या तिथे दाखवावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे. त्रास झाला तर खाल्ल्याची आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. अन्नाविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, बिलाविषयीची १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

'चायनीज बाधले' असे मोघम बोलून आपण सारा दोष एका पाकशैलीवर ढकलतो आणि निष्काळजी मालक सुटतो. भट्टीच्या धगीपुढे रात्री अकरापर्यंत कढई हलवणाऱ्या प्रामाणिक आचाऱ्यालाही त्याच मापाने मोजले जाते. भाचा दोन दिवसांत बरा झाला. आजही तो चायनीज आवडीने खातो. फक्त ऑर्डर देण्यापूर्वी वेटरला विचारतो, 'दादा, भात कधीचा आहे?' प्रश्न साधा आहे. तो प्रत्येक टेबलावरून विचारला जाऊ लागला, तर भट्टीशेजारचे ते पातेले फ्रिजमध्ये जायला वेळ लागणार नाही.