दहा स्वरांचा सेकंद

फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश वादकाच्या ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’ या गिटाररचनेत अंगठ्यामागोमाग अनामिका, मध्यमा व तर्जनी एकच तार क्रमाने छेडतात, आणि मिनिटाला ७५ ठोक्यांच्या लयीत, ठोक्याला ८ या हिशेबाने, सेकंदात १० स्वर उमटतात. इतक्या अल्प अवकाशात कानाने चुकीची खबर द्यावी आणि मेंदूने दुरुस्तीचा हुकूम बोटांस धाडावा हे अशक्य असल्याने, हालचालींची सारी तजवीज आगाऊच व्हावी लागते. ती मंद लयीतच निर्दोष होते, कारण घाईतली चूकही वारंवार घडल्यास अंगवळणी पडते. म्हणून मेट्रोनोमची लय थोडथोडीच वाढवावी, मनगट ताठरताच मागे यावे. आणि अंगठ्याचे स्वर, माझ्या मते, आरंभापासून वेगळे वाजवून ऐकावेत, कारण चाल वरच्या तारांवर असली तरी तिचा तोल तेच राखतात.