रुपयाचे चिन्ह : रेखाटनापासून कळफलकापर्यंत

दिनांक १५ जुलै २०१० रोजी नवी दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयासाठी ₹ या चिन्हाला मान्यता दिली. डॉलर, पौंड, येन आणि युरो यांना स्वतःची चिन्हे होती. रुपयाचे काम मात्र ‘रु.’ किंवा ‘आरएस’ या रोमन संक्षेपावर चालत असे. हाच रोमन संक्षेप पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील रुपयांसाठीही वापरला जात असल्याने भारतीय चलनाची ओळख वेगळी उठून दिसत नसे.

अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये खुली स्पर्धा घेतली. तीन हजारांहून अधिक संकल्पनांतून पाच अंतिम फेरीत आल्या आणि त्यांतून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन केलेले डी. उदय कुमार यांची रचना निवडली गेली. देवनागरी ‘र’ आणि उभा दंड नसलेले रोमन ‘आर’ यांचा त्यात मेळ आहे. वरची आडवी रेघ म्हणजे आपल्या परिचयाची शिरोरेषा होय.

कागदावर हे चिन्ह कोणालाही काढता येते. संगणकाचे तसे नाही. संगणक अक्षराचे रूप ओळखत नाही, त्याला नेमून दिलेला क्रमांक ओळखतो. नव्या चिन्हाला असा क्रमांकच नव्हता. तेव्हा काही तंत्रज्ञांनी तात्पुरते फाँट तयार केले. त्यांपैकी एका लोकप्रिय फाँटमध्ये हे चिन्ह कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातील तिरक्या खुणेच्या जागी बसविले होते. परिणामी, दिल्लीहून पाठविलेल्या पत्रकातील ‘₹ ५००’ हा मजकूर, तो फाँट नसलेल्या नोएडातील संगणकावर ‘` ५००’ असा उमटू शकत असे. आर्थिक व्यवहारात अशी संदिग्धता परवडणारी नव्हती.

भारत सरकारच्या प्रस्तावानुसार ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड या जागतिक प्रमाणसंचाच्या सहाव्या आवृत्तीत चिन्हाला ८३७७ हा क्रमांक मिळाला. मान्यतेनंतर अवघ्या तीन महिन्यांत हे घडले. तथापि क्रमांक मिळाल्याने काम संपले नाही. फाँटकारांनी चिन्ह रेखाटणे, संगणकप्रणाली अद्ययावत होणे, कळफलकावर व मोबाइलवर त्याला जागा मिळणे, हे टप्पे पुढे क्रमाने पार पडले. २०११ च्या नाण्यांवर आणि त्यानंतर नोटांवरही ते झळकले.

पूर्वी एखादे चिन्ह टांकसाळ, छापखाना आणि पाट्या रंगविणाऱ्यांच्या हातून समाजात रुजत असे. आता त्याला आधी प्रमाणसंचात प्रवेश मिळवावा लागतो. तो मिळाला की मंत्रालयातील संगणक आणि चांदणी चौकातील विक्रेत्याचा मोबाइल यांत भेद उरत नाही. न मिळाल्यास सुंदर रचनाही पडद्याबाहेर राहते. लिपींचेही असेच आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या मराठी शब्दांतील अर्ध्या ‘र’साठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. आपल्या भाषेच्या गरजा प्रमाण ठरविणाऱ्यांपर्यंत वेळेवर पोहोचविणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

जुन्या यंत्रांवर या चिन्हाऐवजी आजही चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटू शकते. अशा वेळी रक्कम अक्षरी लिहिण्याची जुनी शिस्तच उपयोगी पडते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अंकी व अक्षरी रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य मानली जाते. तंत्रज्ञान कितीही बदलले तरी व्यवहाराचा खरा पाया निःसंदिग्ध लेखन हाच आहे.