अद्भुतकथांतील जादू आणि तिचे नियम

अद्भुतकथेत काहीही घडू शकते, असा सर्वसाधारण समज आहे. या साहित्यप्रकारात दीर्घकाळ टिकून राहिलेल्या कलाकृती पाहिल्या, तर नेमके उलट चित्र दिसते. ज्या कथेत काहीही घडू शकते, त्या कथेत वाचकाला कशाचीही धास्ती उरत नाही. प्रत्येक संकटातून नायक एखादा नवा मंत्र उच्चारून सुटणार असेल, तर त्या संकटाला अर्थ राहत नाही. म्हणूनच फँटसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचे अनेक लेखक जादूला आधी नियमांच्या चौकटीत बसवतात आणि मगच कथेला हात घालतात. जादूची शक्ती कोणाला मिळते, ती काय करू शकते, काय करू शकत नाही आणि तिची किंमत कोणती, या प्रश्नांच्या सुसंगत उत्तरांना जादूव्यवस्था असे म्हणता येईल.

परंपरेतील दाखले

ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील तत्त्व भारतीय कथापरंपरेला अपरिचित नाही. महाभारतात कर्णाने कवचकुंडले दिल्यानंतर इंद्राकडून त्याला अमोघ शक्ती मिळते; परंतु ती एकदाच वापरता येईल, अशी अट असते. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो. युद्धाच्या चौदाव्या दिवशी रात्री घटोत्कचाने कौरवसेनेत हाहाकार माजवल्यावर त्याला ती घटोत्कचावर सोडावी लागते. पांडवांच्या गोटात शोक पसरलेला असताना श्रीकृष्णाला आनंद होतो. शक्तीची अट ठाऊक असलेल्या श्रोत्याला या आनंदाचे कारण तत्काळ उमगते. त्या एका अटीमुळे विजय आणि हानी एकाच क्षणी घडतात.

वेताळपंचविशीचा डोलाराही एका साध्या नियमावर उभा आहे. राजाने मौन मोडले की वेताळ पुन्हा झाडावर जाणार. आणि उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याचे प्राण धोक्यात. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात या कथा समाविष्ट आहेत. नियम मोजकाच असूनही कथांची एवढी मोठी मालिका त्याने पेलली आहे.

वाचकाला काय ठाऊक असावे?

आधुनिक काळात या विषयाची सर्वाधिक चर्चित मांडणी अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी केली. २००७ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी असा विचार मांडला, की लेखकाला जादूच्या साहाय्याने कथेतील पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला तितक्याच प्रमाणात समजलेली असली पाहिजे. पुढे त्यांनी या सूत्राला आणखी दोन सूत्रांची जोड दिली. जादूच्या सामर्थ्यापेक्षा तिच्या मर्यादा अधिक रंजक असतात, हे दुसरे; आणि नव्या शक्तींची भर घालण्याआधी हाती असलेल्या शक्तींचा सखोल विचार करावा, हे तिसरे.

सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ ही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी या विचाराचे ठळक उदाहरण होय. तीत काही व्यक्ती धातूचे कण गिळतात आणि ते अंतर्यामी ‘जाळून’ शक्ती मिळवतात. पोलादामुळे आसपासच्या धातूच्या वस्तू दूर ढकलता येतात, लोखंडामुळे त्या खेचता येतात, तर कथिलामुळे ज्ञानेंद्रिये तीक्ष्ण होतात. ढकलण्याची क्रिया भौतिकशास्त्राच्या ओळखीच्या नियमाने चालते. समोरची वस्तू हलकी असेल तर ती उडते. वस्तू जड किंवा घट्ट रोवलेली असेल तर ढकलणारी व्यक्तीच मागे फेकली जाते. त्यामुळे जमिनीवर नाणे टाकून त्याच्या आधारे उंच झेप घेता येते. पोटातील धातू संपला की शक्तीही संपते. इतके समजल्यानंतर प्रत्येक चकमकीत वाचक स्वतःच डावपेच आखू लागतो. नायिकेजवळ किती धातू उरला आहे, जवळपास कोणती वजनदार वस्तू आहे, याचा तो हिशेब करतो. बुद्धिबळाचा डाव पाहताना सोंगट्यांच्या चाली ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला जो आनंद मिळतो, त्याच जातीचा हा आनंद आहे.

नियम सैल सुटले की काय होते, याचे उदाहरण जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेत आढळते. १९९९ च्या तिसऱ्या भागात भूतकाळात नेणारे एक उपकरण कथेची उकल करते. मात्र असे साधन उपलब्ध असताना पुढील अनर्थ का टाळले जात नाहीत, असा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. २००३ च्या पाचव्या भागात जादू मंत्रालयातील या उपकरणांचा साठा झटापटीत नष्ट होतो आणि ती वाट बंद होते.

किंमत आणि समतोल

नियमांची काटेकोर यादी हा मात्र एकमेव मार्ग नव्हे. अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ मधील ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत जादूचा पाया एकच आहे. प्रत्येक वस्तूला आणि व्यक्तीला प्राचीन भाषेत एक खरे नाव असते आणि ते जाणणाऱ्याला तिच्यावर सत्ता मिळते. म्हणून माणसे आपले खरे नाव केवळ विश्वासातील व्यक्तीलाच सांगतात. या एका कल्पनेतून मैत्री, विश्वासघात आणि भय यांचे संपूर्ण विश्व उलगडत जाते. तिथल्या जादूला समतोलाचेही बंधन आहे. एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला, तर दुसऱ्या बेटाच्या वाट्याला अवर्षण येऊ शकते. गेड हा तरुण विद्यार्थी अहंकारापोटी हे बंधन झुगारून मृतात्म्याला पाचारण करतो आणि एक काळी छाया जगात शिरते. ती वाट बंद करताना विद्यापीठाच्या वृद्ध प्रमुखाला प्राण गमवावे लागतात. पुढे त्या छायेशी होणाऱ्या संघर्षाची उकलही नावाच्या त्याच नियमातून होते.

याउलट जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मध्ये (१९५४-५५) गँडाल्फ या जादूगाराच्या शक्तीची सीमा कोठेही स्पष्ट केलेली नाही. त्यामुळे त्याच्याभोवतीचे गूढ कायम राहते. परंतु मूळ पेच त्याच्या मंत्राने सुटत नाही. अंगठीचा भार सामान्य हॉबिटलाच वाहावा लागतो. अंगठीचे नियम मात्र वाचकाला आरंभीच सांगितलेले आहेत. ती बाळगणाऱ्याला हळूहळू ग्रासते आणि तिचा नाश एकाच ठिकाणी होऊ शकतो. गूढ आणि नियम यांची अशी वाटणी करता येते, हे या कादंबरीने दाखवून दिले.

कोकणातील एक नियम

या दृष्टीने राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा २०१८ मधील हिंदी चित्रपटही अभ्यासण्याजोगा आहे. मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्या कथेतून प्रेरणा घेतलेल्या या चित्रपटात कोकणातील वाड्याखाली हस्तर नावाचा शापित देवपुत्र दडलेला आहे. त्याच्याजवळ सोने आहे, पण अन्न नाही. पिठाची बाहुली त्याच्यापुढे टाकावी आणि तो तिच्यात गुंतला असताना त्याच्या लंगोटातून मुद्रा ओरबाडाव्यात, असा तेथील रिवाज. विनायक आयुष्यभर मोजक्या मुद्रांवर गुजराण करतो. मग अनेक बाहुल्या नेऊन संपूर्ण लंगोटच पळवण्याची कल्पना पुढे येते. परंतु जितक्या बाहुल्या, तितके हस्तर प्रकट होतात. बाहेरून कोणतेही नवे संकट येत नाही. हाव वाढताच जुनाच नियम उलटतो.

नवोदित लेखकांसाठी येथे एक व्यावहारिक सूचना दडलेली आहे. जादूव्यवस्था रचताना शक्तींची यादी लांबवण्यापेक्षा तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: शक्ती कोठून येते, ती कोठे थांबते आणि तिच्या वापराने कोणाचे काय हिरावले जाते. यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे ठरते, कारण तेथेच पात्राला निवड करावी लागते. अर्जुनासाठी जपलेली शक्ती घटोत्कचावर सोडावी की नाही, हा कर्णापुढील प्रश्न अस्त्रविद्येपुरता नव्हता. समोर सेना मरत असताना उद्याचा विजय राखावा की आजचे प्राण, असा तो प्रश्न होता. शक्ती अमर्याद असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.