मधातील वनस्पतिजन्य संयुगे

मधातील वनस्पतिजन्य संयुगे म्हणजे फुलांतील मकरंद, परागकण आणि वनस्पतींची राळ यांच्याद्वारे मधात येणारी, शर्करांव्यतिरिक्तची रासायनिक द्रव्ये होत. फिनॉलिक आम्ले व फ्लॅव्होनॉइडे हे त्यांतील प्रमुख गट आहेत. मधाचा रंग, चव व गंध यांत त्यांचा वाटा असतो. मधाच्या आरोग्यदायी गुणांचे श्रेयही अनेकदा त्यांना दिले जाते. तथापि ते सर्वस्वी त्यांचे नाही.

घटक व प्रमाण

मधात सुमारे ८० टक्के शर्करा आणि १७ ते १८ टक्के पाणी असते. उरलेल्या अल्प भागात विकरे, खनिजे, सेंद्रिय आम्ले यांच्यासह ही संयुगे आढळतात. गॅलिक आम्ल, कॅफिक आम्ल, क्वेर्सेटिन, केम्फेरॉल ही त्यांची काही उदाहरणे होत. पिनोसेम्ब्रिन व क्रायसिन ही मुख्यतः प्रोपोलिसमधून, म्हणजे मधमाश्या पोळ्यातील फटी बुजविण्यासाठी वापरतात त्या राळयुक्त पदार्थातून, मधात उतरतात.

संयुगांचे प्रमाण फुलोऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे महाबळेश्वर परिसरातील जांभळाचा, हिरड्याचा आणि सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध एकसारखा नसतो. सामान्यतः गडद मधात फिनॉलिक संयुगे अधिक असतात.

आरोग्यविषयक गुण

प्रयोगशाळेत या संयुगांचे अँटिऑक्सिडंट व दाहशामक गुण दिसून येतात. परंतु परीक्षानळीतील परिणाम शरीरातही तसाच घडेल, असे मानता येत नाही. २० ग्रॅम मधातून सुमारे १६ ग्रॅम शर्करा मिळते, तर फिनॉलिक संयुगे बहुधा काही मिलिग्रॅमच मिळतात.

मधाचा जंतुरोधक गुण बव्हंशी तीन कारणांनी येतो : शर्करेची तीव्रता, आम्लता आणि मधमाश्यांच्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड. न्यूझीलंडमधील मानुका मध याला अपवाद आहे. मानुकाच्या मकरंदातील डायहायड्रॉक्सिॲसिटोनपासून मधात मिथिलग्लायॉक्सल तयार होते. त्याच्या जंतुरोधक गुणाचे मुख्य कारण हेच संयुग असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

कोक्रेनच्या २०१५ मधील समीक्षणानुसार, मधाच्या वापराने त्वचेच्या अंशतः खोलीपर्यंतच्या भाजलेल्या जखमा काही रूढ मलमपट्ट्यांच्या तुलनेत लवकर भरतात. २०१८ मधील समीक्षणानुसार, मुलांच्या तीव्र खोकल्यात काहीच उपचार न करण्यापेक्षा मध बहुधा अधिक उपयुक्त ठरतो. मात्र हे लाभ वनस्पतिजन्य संयुगांमुळेच होतात, असे यावरून सिद्ध होत नाही. जखमांसाठी किरणोत्साराने निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वापरतात. स्वयंपाकघरातील मध त्याऐवजी वापरू नये.

धोके

वनस्पतीतून मधात येणारे प्रत्येक संयुग हितकारक नसते. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्रालगतच्या प्रदेशात ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांपासून होणाऱ्या मधात ग्रेयानोटॉक्सिन हे विष असू शकते. त्यामुळे चक्कर, उलट्या व हृदयाचे ठोके मंदावणे अशी लक्षणे उद्भवतात. त्या भागातील मध खाऊन ग्रीक सैनिक आजारी पडल्याचे वर्णन झेनोफनने ‘ॲनाबॅसिस’ या ग्रंथात केले आहे.

मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूची बीजुके असू शकतात. त्यांपासून तान्ह्या मुलांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. म्हणून एक वर्षाखालील बालकांना मध चाटविणेही टाळावे. जागतिक आरोग्य संघटना मधातील शर्करेची गणना मर्यादित ठेवावयाच्या मुक्त शर्करांत करते. त्यामुळे मधुमेही व्यक्तींनीही मध निर्धोक समजू नये.