पित्तात उतरणारा तेलाचा माग

नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे. विमानांच्या जेट ए-१ इंधनात मानकानुसार सुमारे २५ टक्क्यांपर्यंत ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन चालतात. बेंझिनसारखं षट्कोनी वलय असलेली ही रसायनं डांबरात, कोळशाच्या धुरात आणि बिडीच्या झुरक्यातही असतात. ती पोटात किंवा फुप्फुसात गेली की शरीर त्यांचं काय करतं, हे कळायला मात्र फार काळ लागला.

धुराड्यातली काजळी आणि कर्करोग यांचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवला होता. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून गाठी उठवल्या. त्यातलं नेमकं विष सापडलं १९३३ मध्ये. दोन टन डांबर गाळून लंडनच्या शास्त्रज्ञांनी बेंझो(ए)पायरीन वेगळं काढलं.

पुढचं कोडं यकृताचं होतं. ही रसायनं चरबीत विरघळतात, पाण्यात नाही. त्यामुळे ती आहेत तशी बाहेर टाकता येत नाहीत. मग यकृतातली सायटोक्रोम पी-४५० विकरं वलयावर ऑक्सिजन बसवतात. त्यानंतर ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडलं जातं, रेणू पाण्यात विरघळू लागतो आणि पित्तावाटे आतड्यात जाऊन विष्ठेबरोबर बाहेर पडतो. नॅफ्थलिनसारख्या लहान रेणूंचा बराचसा भाग लघवीतून जातो. चार-पाच वलयांचे जड रेणू मुख्यतः पित्ताची वाट धरतात. काहींचे जोड आतड्यातले जिवाणू तोडतात, आणि सुटलेला भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. यात एक भयंकर गोष्ट आहे: विष धुवून काढायच्या याच प्रक्रियेत बेंझो(ए)पायरीनपासून असा पदार्थ तयार होतो, जो थेट डीएनएला चिकटतो. शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या धडपडीतूनच रोगाचं बीज पडतं.

१९८४ मध्ये मार्गारेट क्राह्न आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रदूषित पाण्यातल्या माशांच्या पित्तात हे अवशेष प्रकाशदीप्तीने मोजून दाखवले. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ या जहाजातलं तेल सांडल्यावर ही पद्धत प्रत्यक्ष कामी आली.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, तिवरं काळी पडली, मासळीबाजारात गिऱ्हाईक येईना. अशा वेळी मांस तपासून निम्मंच उत्तर मिळतं, कारण मासा तेलातली ही रसायनं झपाट्याने मोडतो. मांस स्वच्छ निघालं तरी पित्त बोलतं. कालवं-शिंपल्यांना ही मोडतोड नीट जमत नाही, म्हणून त्यांच्या अंगातच तेल साचून राहतं. कोळणी मासा साफ करताना पित्त फुटू न देता काढतात, नाहीतर मांस कडू होतं. फेकून दिला जाणारा तो थेंबच प्रयोगशाळेला हवा असतो.

तवंग दिसल्यावर पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावरून पित्ताचे नमुने घेणं हा सरकारी तपासणीचा बंधनकारक भाग व्हायला हवा. मासा जेवला की पित्ताशय रिकामं होतं, म्हणून आकड्यांची तुलना करताना पित्तातली प्रथिनं किंवा बिलिव्हर्डिनही मोजावं लागतं. आणि उशीर झाला तर त्या तेलाचे अवशेष पित्तातून निघून गेलेले असतात.