संगणकातले खाते कोणाच्या हाती?



उसाची नोंद, काट्याचे वजन आणि बिलाचा हिशेब आता संगणकात असतो. तेव्हा त्या संगणकात हात कोणाला घालता येतो, हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

जगभरच्या पुष्कळ सर्व्हरवर 'लिनक्स' प्रणाली चालते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती १९९१ साली सुरू केली. तिच्यात प्रत्येक माणसाचे खाते वेगळे ठेवता येते. खात्यांची एक नोंदवहीच असते. तिच्यात दर खात्यास एक ओळ आणि ओळीत सात रकाने. खुद्द पासवर्ड मात्र तिथे नसतो. तो उलगडता येऊ नये अशा रूपात 'शॅडो' नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये राहतो, आणि ती साध्या खातेदाराला वाचता येत नाही.

संगणक माणसाला ओळखतो ते नावाने नव्हे, क्रमांकाने. शून्य क्रमांकाचे खाते म्हणजे 'रूट', सर्वाधिकारी. त्याला जवळजवळ काहीच मना नाही. म्हणूनच रोजच्या कामाला ते वापरू नये. नेमलेल्या माणसाला 'सुडो'ने कामापुरता अधिकार देता येतो, आणि कोणी केव्हा कोणता हुकूम दिला याची नोंदही राहते. शिवाय गट पाडता येतात. काट्यावरच्या माणसाने हिशेबाची फाईल वाचावी की नुसती लांबूनच पाहावी, हे गटावरून ठरवता येतं.

खरी गफलत होते ती माणूस काम सोडून गेल्यावर. नुसता पासवर्ड बंद केला तरी चावी-फाईलने आत येण्याची वाट उघडी राहू शकते. म्हणून खात्याची मुदतही संपवावी लागते. खाते काढून टाकलं, तरी त्याच्या फाईली जुन्या क्रमांकावरच राहू शकतात. तोच क्रमांक नव्या माणसाला मिळाला, की तो आयताच त्या फाईलींचा मालक! जुन्या सभासदाचा नंबर नव्याला द्यावा आणि जुन्याचा ऊसही त्याच्याच नावे लागावा, तसलीच गत.

आणि काट्यावर तिन्ही पाळ्यांना एकच खाते, एकच पासवर्ड असेल, तर वजनाचा आकडा कोणी बदलला हे सांगणार कोण?

सर्वसाधारण सभेत आपण ताळेबंदावर प्रश्न विचारतो. तसेच हेही विचारावे, अशी आमची विनंती आहे: माणसे किती, खाती किती, आणि गेलेल्यांची खाती बंद झाली का?