ओझे जड, इंजिन कोणते?

अमेरिकेच्या महामार्गांवरून प्रवास करणाऱ्या भारतीयास एक दृश्य हमखास दिसते : पुढे पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेला भलामोठा ट्रेलर. कुणाच्या ट्रेलरमध्ये घोडे असतात, कुणाच्या ट्रेलरवर ट्रॅक्टर वा बांधकामाची यंत्रे, तर कुणाचे चाकांवरचे फिरते घरच मागून येत असते. शेतकरी, लहान कंत्राटदार आणि निवृत्त दांपत्य या साऱ्यांना तेथे वाहन घेताना एकच प्रश्न पडतो. इंजिन पेट्रोलचे घ्यावे की डिझेलचे? प्रश्न परदेशातला असला, तरी महागडे साधन कर्जाऊ घेताना हिशोब कसा मांडावा, याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

प्रथम दोन्ही इंजिनांचा स्वभाव पाहू. पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की, त्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. हा मोठा दाब आणि टर्बोचार्जरने भरलेली जादा हवा यांमुळे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जबर पीळ, म्हणजे टॉर्क, देते. फोर्डच्या २०२० सालच्या सुपर ड्यूटी ट्रकांचे उदाहरण घेऊ. त्यांतील ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्तीचे, तर ६.७ लिटरचे डिझेल इंजिन ४७५ अश्वशक्तीचे होते. येथे अंतर फारसे नाही. टॉर्क मात्र अनुक्रमे सुमारे ६४४ व १,४२४ न्यूटन-मीटर, म्हणजे डिझेलचा दुपटीहून अधिक होता.

हा फरक घाटात कळतो. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फूट उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते; म्हणजे बोगद्यापाशी ती जवळजवळ एकतृतीयांशाने उणावते. टर्बो डिझेल ही उणीव बरीचशी भरून काढते. उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक वेग आवरून धरतो व चाकांचे ब्रेक अतितापून निकामी होण्याचा धोका कमी करतो. जड ओझे मागे असताना वेळेवर आवरता येणे हे चढून जाण्याइतकेच मोलाचे असते.

मग सर्वांनी डिझेलच का घेऊ नये? याचे उत्तर वहीत सापडते. अशा ट्रकांत डिझेल इंजिनासाठी अलीकडे सुमारे दहा हजार डॉलर वा त्याहून अधिक जादा मोजावे लागतात. शिवाय आपल्या अनुभवाच्या उलट, अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते. १९९३ पासून तेथील केंद्रीय करच गॅलनमागे पेट्रोलवर १८.४, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे. आता उदाहरणादाखल असे धरू की, ट्रेलर ओढताना पेट्रोल ट्रक गॅलनला ८ मैल व डिझेल ट्रक ११ मैल जातो आणि दर अनुक्रमे ३.२० व ३.८५ डॉलर आहेत. मैलामागे खर्च ४० व ३५ सेंट येतो. बचत केवळ ५ सेंटांची! दहा हजार डॉलर वसूल होण्यास २ लाख मैल ओढकाम करावे लागेल.

आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्याने, गाडीची एकूण वजनमर्यादा तीच असेल तर ट्रकवर लादता येणारा भार तेवढा घटतो. मागील हौद्यात टेकणाऱ्या ५,००० किलोच्या ट्रेलरचे साधारण १,००० किलो ट्रकवरच येतात, हे विसरून चालत नाही. दुसरे म्हणजे, २००७ व २०१० च्या कडक प्रदूषण-नियमांमुळे डिझेलला काजळी अडवणारी गाळणी आणि युरियाचे द्रावण लागते. रोज चार मैलांच्याच फेऱ्या झाल्या, तर गाळणी पुरेशी तापत नाही व तुंबते.

या इंजिनाच्या इतिहासात एका बँकरचाही वाटा आहे. इंडियाना राज्यातील कोलंबस येथील डब्ल्यू. जी. अर्विन यांच्या भांडवलावर, त्यांच्याच घरचे मोटारचालक व मेकॅनिक क्लेसी कमिन्स यांनी १९१९ मध्ये डिझेल इंजिनांची कंपनी काढली. तिला पहिला नफा झाला तो १९३७ मध्ये. त्याच कंपनीचे पाऊल १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या साथीने पुण्यात पडले, आणि १९८९ मध्ये तिचे इंजिन डॉज पिकअपमध्ये बसल्यावर जड ओढकामासाठी डिझेलला मोठी मागणी आली. अर्विन यांनी अठरा वर्षे धीर धरला, कारण त्यांना तो परवडत होता. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा असतो.

म्हणून वर्षातून चार वेळा हलका ट्रेलर ओढणाऱ्याने पेट्रोलवर समाधान मानावे. जड ओझे, लांब पल्ला आणि घाटरस्ता हे ज्याचे नित्याचे काम आहे, त्याने डिझेल घ्यावे. मात्र ते इंधनबचतीच्या आशेने नव्हे, तर ताकद, सुरक्षितता आणि दीर्घायुष्य यांसाठी. साधन ट्रेलर ओढणारे असो वा शेतातले, त्याचे सामर्थ्य आपल्या कामाशी आणि त्याचा हप्ता आपल्या मिळकतीशी जुळला, तरच ते साधन आपले ओझे वाहते. एरवी त्याचे ओझे आपल्याला वाहावे लागते.